बेगमी : एका शब्दाचा आणि एका सवयीचा इतिहास

वैशाख संपत आला की आमच्या खाडीकाठच्या गावात बायकांना बोलायलाही उसंत नसे. अंगणात तट्टे पसरलेले, त्यांवर मिरच्या, हळकुंडे, धणे वाळत घातलेले. एका कोपऱ्यात आमसुले, दुसऱ्या कोपऱ्यात सोडे आणि सुकट. मांजरांना आणि कावळ्यांना हाकलायला आम्हा पोरांची नेमणूक. परसात लाकडे फोडून रचली जात, शेणी माळ्यावर चढत. कांद्याच्या माळा वाशांना टांगल्या जात. घरातल्या थोरल्या बाईची नजर एकदा कणगीवर, एकदा आभाळावर. कुणी विचारले, "काय चाललेय?" तर उत्तर एकच : "आगोटीची बेगमी."

आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. पहिला पाऊस पडून वाटा बंद व्हायच्या आत चार महिन्यांचे घर भरून घ्यायचे, त्याला आमच्याकडे आगोट करणे म्हणतात. हा शब्द कोकणाचा. बेगमी हा शब्द मात्र साऱ्या महाराष्ट्राचा. घाटावरच्या शेतकऱ्याची वैरणीची बेगमी, गृहिणीची लोणच्या-पापडांची बेगमी, किल्ल्यावरची दाणागोट्याची बेगमी. इतका मराठी झालेला हा शब्द मूळचा फारसी आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षातही येत नाही. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे चिंता, दुःख. बेगमी म्हणजे निश्चिंती. फारसीत ती मनाची अवस्था होती. मराठी माणसाने तो शब्द उचलला आणि त्याला कणगीत नेऊन ठेवले. घरात चार महिन्यांचे धान्य असणे म्हणजेच निश्चिंत असणे, असा अर्थ मराठीने त्याला दिला. मराठी आणि मुसलमानी संस्कृतीच्या देवाणघेवाणीबद्दल आपण परिसंवादांतून पुष्कळ बोलतो. आमच्या मते त्या देवाणघेवाणीचा एक सज्जड पुरावा आपल्या माजघरात पडून आहे. कोठार संस्कृतातून आले, अंबारखाना फारसीतून. शिधा इथला, रसद तिकडची. गल्ला, जिन्नस, तरतूद, जखिरा हे सगळे अरबी-फारसीच्या वाटेने आले आणि मराठी मापात मोजले गेले.

या लेखात आम्हाला याच सवयीचा इतिहास थोडक्यात मांडायचा आहे. राजांचा आणि लढायांचा इतिहास खूप लिहिला गेला. घराघरांत धान्य कसे साठवले, कुणी साठवले, कुणाला साठवता आले नाही आणि साठवणाऱ्याकडे समाजाने कोणत्या नजरेने पाहिले, हा इतिहास मात्र बाजूलाच राहिला.

कोकणाची गरज

कोकणात बेगमी ही हौस नव्हती. रस्ते तुटक, घाट अवघड, खाड्या आडव्या. खरा रस्ता समुद्राचा. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांवर आगबोटी लागत. त्यांतून मुंबईचा माल आणि मुंबईचे पैसे येत. पावसाळ्याच्या तोंडाला ही वाहतूक बंद होई. गलबते, मचवे किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारले जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचे दार लागलेले असे. पावसाळ्यातला समुद्र काय करू शकतो, हे १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोटीने दाखवून दिले. मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट वाटेतच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाला तो १९९८ मध्ये. तोवरच्या कित्येक पिढ्यांनी पावसाळा घरात भरलेल्या धान्यावरच काढला.

कोकणी मुसलमानांच्या घरांत या बेगमीला आणखी एक बाजू होती. घरातले पुरुष जहाजावर, मुंबईच्या गोदीत, पुढे आखातात. घर चालवायचे बाईने. मनीऑर्डर केव्हा येईल याचा भरवसा नाही, म्हणून हाती पैसा असेल तेव्हाच तांदळाच्या मुड्या बांधून ठेवायच्या, कणगी शेणाने लिंपून भरायची, मसाला कुटून बरण्यांची तोंडे फडक्याने बांधायची. किती माणसे, किती पाहुणे, किती बाळंतिणी, रमजान कोणत्या महिन्यात येतो, हा सगळा हिशोब ती तोंडी करी. आमच्या दादीला अक्षर ओळख नव्हती. पण कणगीवर थाप मारून आतल्या धान्याचा अंदाज ती पायलीच्या फरकाने सांगत असे. हे ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदले गेले नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. शाफई फिकहनुसार ईदुल-फित्रचा फितरा रोजच्या खाण्याच्या धान्यात द्यायचा असतो, माणशी एक साअ. आमच्याकडे तो तांदळात निघे. म्हणजे घराच्या बेगमीला दरवर्षी एक ठरलेली गळती होती आणि ती धर्माने लावून दिलेली होती. ज्याच्या घरात त्या दिवसापुरते धान्य आहे, त्याने ज्याच्या घरात नाही त्याचे माप आधी काढायचे.

मिठाची पोती

साठ्याच्या इतिहासातली एक विलक्षण कथा आपल्या देवगिरीची आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. रामदेवराव यादव बेसावध होता. तो किल्ल्यात शिरला आणि दरवाजे लावून घेतले. किल्ला अभेद्यच होता. पण वेढा पडला आणि आत घाईघाईने आणलेली पोती उघडली तेव्हा त्यांत धान्य नव्हते, मीठ होते. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची ती पोती. ही हकीकत फरिश्ता या इतिहासकाराने सांगितली आहे. तो विजापूरला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या पदरी होता आणि घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहीत होता. तेव्हा तपशिलात भर पडली असेलही. पण लोकांनी ही कथा जपली, यातच तिचे मर्म आहे. कडा ताशीव होता, खंदक होता, शूर माणसे होती. राज्य वाकले ते कोठारात काय आहे हे कुणी पाहून ठेवले नव्हते म्हणून.

पुढे दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या अलाउद्दीनने धान्याच्या साठ्याकडे जितके लक्ष दिले तितके त्या काळात क्वचितच कुणी दिले असेल. झियाउद्दीन बरनीने त्याच्या बाजार-व्यवस्थेचे वर्णन केले आहे. दुआबातला सारा धान्यरूपाने घेऊन तो सरकारी कोठारांत भरला जाई. गव्हाचा भाव मणाला साडेसात जितल असा बांधून दिला होता. पाऊस कमी झालाच तर प्रत्येक मोहल्ल्यातल्या वाण्याला तिथल्या वस्तीच्या मानाने रोजचे धान्य मोजून मिळे. आजच्या भाषेत हे रेशनिंगच झाले. अर्थात ते उभे होते शेतकऱ्याकडून घेतलेल्या निम्म्या पिकावर आणि कडक शिक्षांच्या धाकावर, हेही विसरता कामा नये. शहराच्या पोटाची आणि लष्कराची बेगमी गावाच्या पोटाला चिमटा घेऊन झाली होती. त्याच दिल्लीत चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने शहराच्या तटबंदीतली कोठारे पाहिली. बल्बनच्या काळात साठवलेला तांदूळ त्याच्यासमोर बाहेर काढला. तो रंगाने काळा पडला होता, पण चवीला चांगला होता, असे तो लिहितो. दिल्लीत दुष्काळ पडला तेव्हा मुहम्मद तुघलकाने रहिवाशांना सहा महिन्यांचा शिधा सरकारी कोठारातून देवविला, हेही त्यानेच नोंदवले आहे.

दख्खनच्या लोकस्मृतीत कोठार म्हटले की दामाजीपंत आठवतात. पंधराव्या शतकात, बहामनी अमलात, मंगळवेढ्याच्या या अंमलदाराने दुष्काळात बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, अशी ही कथा. बेदरच्या बादशहाचा कोप होणार, तोच विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला, असे कथा सांगते. तिच्यातला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा प्रश्न उरतोच. कोठारातले धान्य कुणाचे? राजाचे, की ज्यांनी ते पिकवले त्यांचे? मराठी लोकमानसाने या प्रश्नाचे उत्तर देवालाच साक्षीला बोलावून दिले.

गड आणि गाव

पन्हाळ्यावर गेलेल्यांनी तिथला अंबारखाना पाहिला असेल. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. बांधणीवर विजापुरी छाप आहे, नावे नद्यांची आहेत आणि 'अंबारखाना' हे नाव फारसी आहे. १६६० मध्ये आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्याला वेढा घातला. चार महिन्यांहून अधिक काळ शिवाजी महाराज आत अडकले होते. भर पावसात जुलैमध्ये ते निसटले. तोवर गड तगला त्यात तटांइतकाच या कोठ्यांचाही वाटा असणार.

पण शिवकालीन बेगमीचा याहून बोलका पुरावा चिपळूणचा आहे. १६७० च्या दशकात महाराजांनी चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी करून ठेवलेला सामान-दाणा आधीच बराच खर्च झाला होता. महाराज बजावतात की आत्ताच मनाला येईल तसा दाणा आणि गवत वापरून टाकाल तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि मग तुम्ही गावात शिरून कुणाचे धान्य, कुणाची भाकर, कुणाचे गवत, कुणाचा भाजीपाला उचलाल. असे झाले तर जे कुणबी घर धरून जीव जगवून राहिले आहेत ते परागंदा होतील आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे म्हणतील. काही लागले तर बाजारात जाऊन विकत घ्या, कुणावर जुलूम करू नका. गवताच्या गंजीपाशी आगटी पेटवू नका, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, इतका बारीक विचार त्यात आहे.

हे पत्र जाहीर सभांतून पुष्कळदा वाचले जाते. आम्ही ते बेगमीचा दस्तऐवज म्हणून वाचतो. त्याचा अर्थ आमच्या मते असा की, ज्याच्या हातात शस्त्र आहे त्याची बेगमी चुकली की दंड भरतो तो ज्याच्या हातात नांगर आहे.

पेव आणि रिकामी उतरंड

घाटावर साठवणीची रीत वेगळी. सोलापूर-सांगलीच्या बाजूला कठीण, पाणी न झिरपणाऱ्या मातीत पेवे खणत. तोंड अरुंद, पोट मोठे, तळाशी आणि कडेने काडाचा थर, वर मातीने तोंड बंद. त्यात ज्वारी वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आत कोंडलेल्या वायूने माणूस जागीच गुदमरे. म्हणून तोंड उघडे टाकून, आत दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर थांबायचे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर अगदी अलीकडेपर्यंत भरात होती. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले. एखाद्या गोष्टीचे 'पेव फुटले' असे आपण आजही सहज म्हणतो. जमिनीखालचे पेव गेले, भाषेतले राहिले.

पण पेव कुणाचे? पाटलाचे, सावकाराचे, मोठ्या शेतकऱ्याचे. गावगाड्यातल्या बलुतेदाराला खळ्यावर वाटा मिळे, मुलाण्यालाही मिळे. त्याच्या घरी फार तर मडक्यांची उतरंड भरे. महारवाड्यात, मांगवाड्यात ती भरायच्या आधीच रिकामी व्हायची. आणि आपल्यातले बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी यांचे काय? त्यांचा धंदा रोजचा, कमाई रोजची आणि चूलही रोजची. भाजी साठवता येत नाही, विड्याची पाने साठवता येत नाहीत. दख्खनच्या मुसलमानांतला मोठा हिस्सा असा कणगीवाचून जगला आहे. समाजाच्या गरिबीची मोजदाद करताना घर, जमीन, शिक्षण पाहतात. घरात किती दिवसांचे धान्य आहे, हाही एक निकष लावून पाहायला हवा.

कोकणातल्या आपल्या वाडवडिलांबद्दलही इथे प्रामाणिक राहिले पाहिजे. रत्नागिरी-कुलाब्याकडे हिंदू खोत होते तसे मुसलमान खोतही होते. खोताची कणगी खोताने पेरलेल्या भाताने भरत नसे. कुळांनी खोतीविरुद्ध मोठे लढे दिले. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षे चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आमच्या लहानपणच्या आठवणीतल्या त्या भरल्या कणग्यांची गोडी सांगताना, त्यांच्या आधीच्या पिढीतल्या कणग्या कुणाच्या रिकाम्या पोटावर उभ्या होत्या, हे सांगणे टाळले तर तो इतिहास होणार नाही.

साठा असताना भूक

१६३० ते १६३२ च्या दुष्काळाने गुजरात आणि दख्खन उजाड केले. देहूत वाण्याचा व्यवहार करणारे तुकोबा याच दुष्काळात खचले. त्यांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली. पुढे संत झालेल्या या माणसाने कर्जखते इंद्रायणीत सोडली, यामागे या अनुभवाचा हात असला पाहिजे. शहाजहान त्या वेळी बऱ्हाणपुरात होता. बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत येथे लंगर उघडले गेले आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम झाला, असे दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो. मदत खरीच होती. संकटापुढे ती फार तोकडी पडली. दख्खनमध्ये उतरलेल्या शाही फौजेलाही त्याच मुलखातून दाणा लागत होता, हेही ध्यानात ठेवायला हवे.

इंग्रजी अमलात चित्र बदलले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात देशात धान्य नव्हते असे नाही. आगगाडी होती, तार होती, बाजार होता. गावच्या पेवातले धान्य आता जिकडे भाव चढा तिकडे जाऊ लागले. दुष्काळ चालू असतानाच हिंदुस्थानातून परदेशी धान्य रवाना होत होते. सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरेल अशा हिशोबाने मजुरी ठरवली. मुंबई इलाख्यात लोकांनी ती नाकारून कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. मग १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळाचे नियम तयार झाले.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला. पुढच्या वर्षी बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे मेली. तीही बाजारात धान्य असताना, कारण ते विकत घेण्याची ऐपत कोट्यवधींच्या हातून निसटली होती. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले. लाल-पिवळ्या तांदळातले खडे वेचताना आमच्या घरातल्या बायका सरकारला बोल लावीत. पण पहिल्यांदाच शहरातल्या हमालाला आणि शेठजीला एकाच मापाने धान्य मिळत होते. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. अमेरिकेची लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामे हे सारे ज्यांनी अनुभवले ते अजून हयात आहेत. त्या दुष्काळात रोजगार हमीने लाखोंना जगवले. बेगमी घराघराने करायची की सरकारने, या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले ते एक चांगले उत्तर होते.

बेगमी आणि इहतिकार

इथे धर्मशास्त्राकडे वळणे भाग आहे. कारण साठवणे चांगले की वाईट, या प्रश्नावर इस्लामी परंपरेत बारकाईने विचार झाला आहे.

कुरआनातली हजरत यूसुफ यांची कथा ही मुळात साठ्याची कथा आहे. सात वर्षे सुबत्तेची, सात दुष्काळाची. खाण्यापुरते काढा आणि बाकीचे धान्य कणसातच राहू द्या, हा त्यांचा सल्ला कुठल्याही शेतकऱ्याला पटेल असा आहे. कणसातल्या दाण्याला कीड लवकर लागत नाही. दुष्काळ आला तेव्हा ते धान्य माणशी एक उंटभर याप्रमाणे मोजून दिले गेले. पैगंबरांनीही आपल्या घरासाठी वर्षाची तरतूद करून ठेवल्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे. म्हणजे घरापुरती बेगमी तवक्कुलच्या आड येत नाही.

त्याच वेळी इहतिकार, म्हणजे भाव चढावा म्हणून लोकांच्या गरजेची वस्तू दाबून ठेवणे, हे हदीसने पाप ठरवले आहे. दोहोंतली सीमारेषा फुकहांनी पोत्यांच्या संख्येवर आखली नाही. हेतू काय आणि त्याने लोकांना तंगी पडते का, या दोन प्रश्नांवर आखली. एक वर्ष मदीनेत भुकेले लोक आले, तेव्हा कुर्बानीचे मांस तीन दिवसांपलीकडे ठेवू नये असा हुकूम झाला. पुढच्या वर्षी तो उठवण्यात आला आणि खा, वाटा, साठवा अशी मोकळीक मिळाली. मीठ-हळद लावून दोरीवर वाळवलेले कुर्बानीचे गोश्त ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. तेच गोश्त, तेच मीठ, तीच दोरी. शेजारी उपाशी आहे की नाही यावर ते साठवणे योग्य की अयोग्य ते ठरते. हिजरी १८ च्या दुष्काळात, ज्याला राखेचे वर्ष म्हणतात, हजरत उमर यांनी लोकांना मिळेपर्यंत तूप वर्ज्य केले आणि मिसरहून धान्य मागवले. शासकाने आपले ताट प्रजेच्या ताटाला बांधून घेतले होते.

भीतीची बेगमी

आतापर्यंत सांगितली ती ऋतूची बेगमी. आपल्या पिढीने दुसरीही एक पाहिली आहे. तिला आम्ही भीतीची बेगमी म्हणतो.

१९७० ला भिवंडी आणि जळगाव झाले. १९८४ ला पुन्हा भिवंडी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला मुंबई. श्रीकृष्ण आयोगाने त्या दोन महिन्यांत नऊशे माणसे मेल्याचे नोंदवले. त्यांत ५७५ मुसलमान होते, २७५ हिंदू. हे आकडे मृतांचे. जे जगले त्यांनी ते दिवस कसे काढले, हे कोणत्या अहवालात येत नाही. संचारबंदी दोन तासांसाठी उठे. तेवढ्यात दूध, पीठ, रॉकेल, तान्ह्यासाठी दुधाची भुकटी, म्हाताऱ्यांची औषधे मिळवायची. रांगेत उभे राहायचे आणि घड्याळाकडे पाहायचे. पुढे कित्येक वर्षे आमच्या ओळखीच्या घरांत नोव्हेंबर संपता संपता एक जादा पोते, मेणबत्त्यांचा पुडा, काड्यापेट्या आणि रॉकेलचा डबा येऊन पडे. कुणी कुणाला काही बोलत नसे. आईने पीठ थोडे जास्त दळून आणले की मुलांना कळायचे की सहा डिसेंबर जवळ आला.

यातला सर्वांत मोठा सल वेगळाच आहे. त्या काळात आमच्या एका नातलगाच्या घराची झडती झाली. पलंगाखाली गव्हाची दोन पोती होती. "एवढा साठा कशाला?" असा प्रश्न आला आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिले गेले. हाताला गहूच लागला. ती माणसे निघून गेली. मग घरातली बाई जमिनीवर सांडलेला गहू गोळा करत बसली आणि कितीतरी वेळ रडली. तिच्या सासूने, आजेसासूने आयुष्यभर धान्य साठवले होते. त्याला लोक शहाणपण म्हणत, सुगरणपण म्हणत. तिच्या वाट्याला संशय आला. ज्या शब्दाचा अर्थ निश्चिंती, तो त्या घरात चिंतेचा शब्द झाला. राजे-बादशहांचा इतिहास सांगून झाल्यावरही आम्हाला हा लेख लिहावासा वाटला, तो या एका गोष्टीसाठी.

मार्च २०२० मध्ये सारा देशच संचारबंदीत गेला. टाळेबंदी रात्री आठला जाहीर झाली आणि बारापासून लागू झाली. चार तासांत ज्यांना शक्य होते त्यांनी दुकाने रिकामी केली. ज्यांची कमाई रोजची, चूल रोजची, ते पायी गावाकडे निघाले. पेवे आणि उतरंडी यांच्यातले जुने अंतर पुन्हा रस्त्यावर दिसले. काही वस्त्यांत मुसलमान भाजीवाल्यांना मज्जाव झाला, हेही दिसले. आणि मशिदींच्या, मोहल्ल्यांच्या तरुणांनी तांदूळ, डाळ, तेल, मीठ यांच्या पिशव्या भरून जात-धर्म न विचारता दारोदार पोचवल्या, हेही दिसले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले, आगोटीचे धान्य भिजून कुजले. जिथे साडेतीनशे वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या बेगमीची ताकीद गेली होती, तिथेच बेगमी करून ठेवलेल्यांचेही हात रिकामे झाले. त्या आठवड्यात आजूबाजूच्या गावांतून भाकऱ्यांच्या चवडी आल्या. त्या कुणाच्या चुलीवरच्या, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता.

म्हणून शेवटी अश्अरी कबिल्याची हदीस आठवते. सफरीत किंवा मदीनेत धान्य कमी पडले की हे लोक प्रत्येकाकडे जे काही असेल ते एका कापडावर एकत्र ओतत आणि एकाच मापाने सारखे वाटून घेत. ते माझे आहेत आणि मी त्यांचा, असे पैगंबर त्यांच्याविषयी म्हणाले. हे लोक साठा करत नव्हते असे नाही. वेळ आली की प्रत्येकाचे वेगळे गाठोडे ते सोडत, इतकेच.

आमच्या गावच्या घरात आता कणगी नाही. वाणसामान फोनवर येते. पण दादीची लाकडी पायली आहे. तिचा एक काठ झिजला आहे. ती सांगत असे की आपल्यासाठी मोजताना झिजलेली बाजू वर धरायची आणि दारी आलेल्याला मोजताना खाली. लहानपणी आम्हाला वाटे, त्याने काय फरक पडतो? फरक पडे तो मूठभर तांदळाचा. आम्ही एकदा मोजून पाहिला आहे.